आई, मी जेवलो

आमच्या बेळगावात मुली 'मी आलो', 'मी गेलो', 'मी जेवलो' असंच बोलतात. पुण्याकडचे पाहुणे हसतात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. मी लिहिताना 'जेवले' लिहिते, पण बोलताना 'जेवलो'च तोंडात येतं. 'मी जेवलो' हे वाक्य मात्र आताशा मी जरा कान देऊन ऐकते. आमच्याच नात्यातल्या एका मुलीनं ते आठ महिने जवळजवळ रोज म्हटलं आणि बहुतेक वेळा ते खोटं होतं.

मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, घर बेळगावातल्याच शहापुरातलं. (ओळख पटू नये म्हणून थोडेफार तपशील मी बदललेत.) कॉलेजातून आली की चप्पल काढतानाच सांगायची, "आई, मी मैत्रिणीकडं जेवलो." आईला शंका यावी असं काही नव्हतं. उलट पोरगी अचानक स्वयंपाकाला लागली होती. रात्री अंथरुणात पडून रेसिपीचे व्हिडिओ बघायची, रविवारी सगळ्यांसाठी काहीतरी करायची. एकदा तर घरी कुंदा केला. दूध आटवत, कडेची साय खरवडत दीड तास कढईपाशी उभी. वाट्या भरल्या, आजीला दिली, बाबांना दिली, शेजारच्या काकूंकडं एक पाठवली. चमचा मात्र चाटला नाही, थेट नळाखाली धरला. आई कौतुकानं सांगत होती, "आमची आता स्वयंपाकाला लागली बघा." आजीनं चमचा बघितला होता. ती एवढंच म्हणाली, "कुंदा करणारं माणूस चव घेत नाही होय ग?"

पुढं चवथीच्या आधी ती बसस्टँडवर चक्कर येऊन पडली आणि मग फोन बघितला गेला. मीच बघितला, तिच्या आईनं हातात दिला म्हणून. त्यात एक ग्रुप होता. पन्नास-साठ मुली, एकीचंही खरं नाव नाही, मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी. एकीनं लिहिलं होतं, 'आज परत घरच्यांना फसवलं', आणि खाली बदामांची, म्हणजे त्या लाल हार्टची, रांग. दुसरीनं लिहिलं होतं, 'मला वाट्टेल ते बोला, म्हणजे मला खावंसं वाटणार नाही.' लोकांनी बोललंही होतं. शिव्या होत्या, आणि प्रत्येक शिवीच्या शेवटी एक बदाम.

खाण्याचे विकार जोपासणारे असले ग्रुप म्हणजे काय, शहाणीसुरती मुलं त्यात का अडकतात आणि त्यानं नेमकं काय बिघडतं, हे इथं सांगायचंय. एक आधीच सांगून टाकते: वजनाचे आकडे, न खाण्याच्या युक्त्या, हे ग्रुप सापडायचे शब्द, यातलं काहीही या लेखात नाही. या आजारातली मुलं सावध करणारा मजकूरसुद्धा उपयोगाचं काहीतरी सापडेल म्हणून वाचतात.

खाण्याचे विकार म्हटलं की आपल्याकडं 'नखरे' म्हणतात, नाहीतर 'श्रीमंतांची थेरं'. दोन्ही चूक. यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक विकार म्हणजे अॅनोरेक्सिया नर्व्होसा. विल्यम गल या लंडनच्या डॉक्टरांनी 1873 मध्ये हे नाव रूढ केलं. 'अॅनोरेक्सिया'चा शब्दशः अर्थ भूक न लागणं, आणि घोटाळा नावातच आहे. या माणसाला भूक लागते, भयंकर लागते. ती दाबून धरणं हाच दिवसभराचा उद्योग होऊन बसतो. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यू घडवणाऱ्या आजारांत याची गणना होते. दुसरा बुलिमिया. भरमसाट खाणं आणि मग ते शरीरातून काढून टाकायची धडपड, असं ते चक्र. जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. यात वजन बहुधा नेहमीसारखंच असतं, त्यामुळं घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

पण कुंदा करायचा आणि चमचा चाटायचा नाही, हे काय? ते कळायला बेळगाव सोडून जरा लांब जावं लागेल, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लाखो माणसं उपाशी होती आणि त्यांना परत खायला कसं घालायचं याचं शास्त्र कुणाकडं नव्हतं. म्हणून अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं 36 तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, स्वखुशीनं आलेले, शरीरानं आणि मनानं ठणठणीत. 1945 मध्ये 24 आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. ते अशक्त झाले, त्यांना थंडी वाजू लागली, हे अपेक्षितच होतं. पण बाकीचं जे झालं त्यानं सगळे चक्रावले. ही धडधाकट माणसं स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करू लागली. पाककृती वाचत बसू लागली. ताटातलं एवढंसं अन्न तास-तास पुरवून खाऊ लागली, ताटं चाटू लागली. स्वप्नंही जेवणाची. चिडचिड वाढली, मित्र नकोसे झाले, एकेकटं बसणं सुरू झालं. यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. आरशाचा, फॅशनचा, लग्नाचा संबंधच नव्हता. हे सगळं निव्वळ उपासमारीनं घडवलं होतं.

म्हणजे रात्री अकराला रेसिपी बघणारी आमची मुलगी 'स्वयंपाकाला लागली' नव्हती, तिचा उपाशी मेंदू अन्नाभोवती घिरट्या घालत होता. तिची चिडचिड, मैत्रिणी तोडणं, दार लावून बसणं, यातलं बरंचसं त्याच उपाशी मेंदूचं काम होतं. आम्ही 'वय आहे' म्हणालो होतो.

आणि ग्रुपची खरी करामत इथं सुरू होते.

उपाशी माणूस आक्रसतो. त्याला जेवणाशिवाय दुसरं काही सुचत नाही आणि जेवणारी माणसं डोळ्यांपुढं नको होतात. अशा वेळी फोनमध्ये त्याला एक जागा सापडते, जिथं सगळे तसेच आहेत. तुझी चिडचिड? आम्हालाही होते. तुला घरचे समजून घेत नाहीत? आमचेही नाहीत. रात्री झोप येत नाही? ये, आम्ही जागेच आहोत. तिथं खरा जिव्हाळा असतो, हे मान्य करायला हवं. ही मुलं दुष्ट नाहीत, आजारी आहेत. 'वाईट संगत' म्हणून हात झटकणाऱ्यांना म्हणूनच यातलं काही कळत नाही. अर्ध्या रात्री विचारपूस करणारी दुसरी संगत त्या मुलीला आहे तरी कुठं?

फक्त त्या जिव्हाळ्याला एक अट असते: आजारी राहायचं. कमी खाल्लंस की शाबासकी, चक्कर आली की कौतुक. जेवलीस की आधी लाज आणि मग शिक्षा, ती शिक्षाही स्वतःच मागून घ्यायची. काही ठिकाणी तर आजाराला मुलीचं नाव दिलेलं असतं, जणू ती जिवाभावाची मैत्रीण; तिला पत्रं लिहायची, तिची क्षमा मागायची. घरात काय सांगायचं, डॉक्टरांपासून काय लपवायचं, याची शिकवणीही तिथंच. 'मैत्रिणीकडं जेवलो' हे वाक्य आमच्या मुलीचं स्वतःचं नव्हतं, ते तयार मिळालं होतं. कुणी बरं व्हायला लागलं, 'मी आज आईबरोबर जेवले' असं लिहिलं, तर शांतता. एकही बदाम नाही. त्या शांततेचा मार शिवीपेक्षा जास्त बसतो.

शिवाय चढाओढ. वर्गात पहिला नंबर काढायची सवय लागलेल्या मुलांना ही चढाओढ फार लवकर लागते. या आजारात शिस्तीची, अभ्यासू, कुणाला त्रास न देणारी मुलं पुष्कळ सापडतात आणि 'आमची तसली नाही' असं म्हणणाऱ्या घरांत उशिरा सापडतात. ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त आजारी असेल तिचा मान मोठा. त्यामुळं प्रत्येकीला आपण 'पुरेसे आजारी' नाही असंच वाटत राहतं, मग दवाखान्यात कशाला जायचं? माझ्या मते ग्रुपनं केलेलं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

मुलं तिथं पोचतात कशी? सरळ कुणी जात नाही. कुणी लग्नाआधी बारीक व्हायचे व्हिडिओ बघतं, कुणी नाचाचे रील, कुणी 'एका दिवसात मी काय खातो'. फोनमधलं यंत्र मुलगी कशावर किती वेळ थांबली ते मोजतं आणि त्याच गावचं अजून थोडं पुढचं दाखवतं. वाईट व्हावं असं यंत्राला वाटत नाही, त्याला काहीच वाटत नाही. 2021 मध्ये फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर काढली. त्यात कंपनीच्याच पाहणीतलं एक वाक्य होतं: स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळं अजून वाईट वाटलं, असं 32 टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं.

चित्रांची ही ताकद फोनच्या आधीची आहे. फिजी बेटांवर भरलेलं अंग म्हणजे चांगलं अंग. आपल्याकडं जुन्या बायका 'अंगानं भरली' हे कौतुकानं म्हणायच्या, तसंच. तिथल्या नाद्रोगा प्रांतात 1995 मध्ये टीव्ही आला. अॅन बेकर या संशोधक बाईंनी टीव्ही नुकताच आला तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याच्या विकाराकडं झुकलेल्या मुलींचं प्रमाण तीन वर्षांत 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेलेलं आढळलं. पाहणी लहान होती, पण टीव्ही काही फोनसारखा अंथरुणात घेऊन झोपता येत नव्हता, हेही लक्षात घ्या.

बंदी घालून बघितलीय. 2012 मध्ये टम्बलर आणि इन्स्टाग्रामनं असला मजकूर काढायला सुरुवात केली. लोकांनी तेच शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं लिहायला घेतले, आणि जॉर्जिया टेकच्या संशोधकांना 2016 मध्ये असं दिसलं की त्या चुकीच्या शब्दांखालची वर्दळ उलट जास्त होती. 2025 मध्ये टिकटॉकनं असाच एक गाजलेला हॅशटॅग बंद केला. बंदी नको असं मी म्हणत नाही. पण चाळणीची भोकं इंग्रजी शब्दांच्या मापाची, आणि आमच्या मुली एका वाक्यात तीन भाषा घालतात.

आता शरीराचं. हे प्रत्येक घरानं वाचावं म्हणून सरळ लिहिते. अन्न तुटलं की शरीर खर्च कमी करतं. नाडी मंदावते, हातपाय गार पडतात, पाळी थांबते, केस गळतात आणि अंगावर मऊ लव उगवते. हाडांची बरीचशी भरणी किशोरवयातच व्हायची असते. ती संधी गेली की पुढं कितीही दूध पाजलं तरी पूर्ण भरून येईल याची खात्री नसते. वारंवार उलट्या करणाऱ्यांत रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. असा माणूस अगदी बरा दिसत असताना अचानक कोसळू शकतो. दातांवरचं कवच झिजतं, म्हणून कधी कधी पहिली शंका दातांच्या डॉक्टरांना येते. आणि एक उलटा धोका: फार दिवस उपाशी राहिलेल्याला काळजीपोटी एकदम पोटभर खाऊ घालणंही घातक ठरू शकतं. रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची.

'पण आमच्यात उपवास असतातच की,' हा प्रश्न मला प्रत्येक घरात ऐकू येतो. सोमवार, संकष्टी, नवरात्र, कुणाचं सौंदत्तीच्या यल्लम्माचं काही. आणि या आजाराला लपायला आपल्या घरांत उपवासासारखी जागा नाही, हे खरंच. आमची मुलगी त्या वर्षात आजीपेक्षा जास्त उपवास करत होती आणि सगळे तिला 'देवभोळी' म्हणत होते. फरक ओळखायचा कसा? आपला उपवास सुटतो. चंद्र उगवतो, आरती होते, मोदक पानात पडतो. एकादशी दुप्पट खाशी अशी त्याची आपणच थट्टा करतो, साबुदाण्याच्या खिचडीवर शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं घालतो. ज्या उपवासात खिचडीही नको, सोडायची वेळ आली की पोट दुखतं, आणि एक संपायच्या आत दुसरा ठरतो, तो देवाचा नव्हे.

मुलगे यातून सुटलेत असं समजू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र या गावात, भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. तालमी आहेत, जिमही गल्लोगल्ली. त्यांच्या ग्रुपांत भाषा शरीर 'कोरून काढायची' असते, बारीक व्हायची नाही. मोजमाप, लाज, शिक्षा, चढाओढ सगळं तेच. मुलगा जेवण सोडून मोजत बसला की घरचे त्याला 'सीरियस' म्हणतात, एवढाच फरक.

करायचं काय? फोन हिसकावून घेणं हा पहिला विचार येतो, आम्हीही तेच केलं, आणि चुकलो. आठ महिने जी एकमेव सोबत होती ती एका दुपारी गेली, आणि तिच्या जागी आम्ही काय ठेवलं? चार दिवस ती कुणाशी बोलली नाही. पुढं डॉक्टरांनी समजावलं की ग्रुप सोडवायचाच, पण तिच्याशी बोलून. आणि त्याच वेळी ताटाची जबाबदारी मोठ्यांनी उचलायची. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात तयार झालेली ही पद्धत आता किशोरवयीन अॅनोरेक्सियासाठी जगभर वापरतात. आईवडिलांनी शेजारी बसायचं, जेवण हे औषध समजून ठरल्या वेळी वाढायचं, वाद घालायचा नाही, उठायचं नाही. मुलगी आणि आजार वेगळे धरायचे. एका अर्ध्या भाकरीला पाऊण तास लागला तर पाऊण तास बसायचं. तिचे बाबा पेपर उघडून बसायचे. एकच पान, उलटं धरलं असतं तरी त्यांना कळलं नसतं.

शब्दही बदलावे लागतात. 'बारीक झालीस' बंद, 'जाड झालीस' तर बंदच. पण 'आता कशी छान दिसतीस, गाल वर आले' हेही बंद, हे आम्हाला उशिरा कळलं. बरी होत असलेल्या मुलीला त्यातलं फक्त 'गाल वर आले' ऐकू येतं, आणि संध्याकाळचं ताट तसंच राहतं. सीमाभागात तर घरोघर चहाबरोबर अंगाचा हिशेब निघतो, 'बघायला येणार' असतील तर दोनदा.

दवाखान्याबाबत आपल्या भागाची एक अडचण वेगळीच आहे. घरात मराठी, कॉलेजात इंग्रजी, सरकारी खिडकीवर कन्नड. चक्कर येते हे कुठल्याही भाषेत सांगता येतं. 'मला भाताची भीती वाटते' हे परक्या भाषेत सांगायचं धाडस सतरा वर्षांच्या मुलीला होत नाही. म्हणून पहिल्या भेटीला तिची भाषा बोलणारं कुणीतरी बरोबर असू द्या आणि डॉक्टरांना जेवणाबद्दल थेट सांगा, नाहीतर अशक्तपणाच्या गोळ्या घेऊन परत याल. आमची पहिली फेरी तशीच फुकट गेली. सुरुवात साध्या डॉक्टरकडं नाडी, रक्तदाब आणि रक्ततपासणीनं करायची आणि तिथून मानसोपचाराकडं. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था, बेंगळुरूला निमहान्स. निपाणी-चिक्कोडीकडची माणसं कोल्हापूर-मिरज गाठतात, तेही ठीक. फोनवरच बोलायचं असेल तर ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली सरकारी टेलि-मानस सेवा 14416 या नंबरवर रात्रंदिवस फुकट मिळते, भाषा निवडता येते, मराठीही आणि कन्नडही. छातीत धडधड, शुद्ध हरपणं, किंवा जगणं नको असं बोलणं, यातलं काही असेल तर फोनवर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आमची मुलगी अजून पूर्ण बरी नाही. या आजाराला महिने नाही, वर्षं लागतात. गेल्या संकष्टीला ती सकाळीच आजीपुढं जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी वर्षभर कुठलाही उपवास करायचा नाही असं बजावलंय, पण धरला नाही तर पाप लागेल असं म्हणून डोळ्यांत पाणी. आम्ही सगळे गप्प. आजीनं फुलवाती वळता वळता मान वर केली.

"तुझा मी धरतो," ती म्हणाली. "माझा एक, तुझा एक. तू जेव."

मग नाचणीची भाकरी झाली. आजी समोर पाटावर बसून राहिली, पाण्याचा तांब्या हातात धरून, भाकरी संपेपर्यंत.